ठसा यंत्राचा, पारख माणसाची
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आयुष्यभर खडू हाती धरलेले शाळामास्तर. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु यंदा ज्ञातीतील दोन पालकांनी आम्हांस एकच प्रश्न केला : “गुरुजी, मुलगी डिझाइन शिकू म्हणते, पण आता चित्रे यंत्रच काढते. मग फी भरावी की न भरावी?” त्याचे उत्तर देणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

आपल्या पूर्वजांचा धंदा कापड रंगविण्याचा व छापण्याचा. हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर पूर्वीही येऊन गेला आहे. १८५६ साली इंग्लंडात पर्किन यांना कृत्रिम जांभळा रंग गवसला. १८९७ साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. पुढे गिरणीच्या छापील कापडापुढे आमच्या घरचे लाकडी ठसे माळ्यावर गेले. थोरले आजोबा केवळ ठसा मारीत. त्यांची रोजी बुडाली. धाकटे आजोबा रंगसंगती व गिऱ्हाइकाची आवड जाणत. ते कापडदुकानात शिरले व तगले.

२०२२ साली मिडजर्नीसारखी चित्रे काढणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. असंख्य चित्रे व त्यांची वर्णने यांवरून ती संगती शिकतात आणि चार शब्द लिहिताच क्षणात चित्र पुढे ठेवतात. नवशिक्यांना मिळणारी लहानसहान कामे त्यामुळे हातची जाऊ लागली आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही.

तथापि एक अनुभव सांगतो. गतवर्षी घरच्या लग्नाची पत्रिका मुलांनी यंत्राकडून करविली. चित्र देखणे! आम्हीच ‘उत्तम’ म्हणून संमती दिली. डिझाइनचे काम करणाऱ्या आमच्या पुतणीने ती पाहिली व म्हणाली, “काका, नवरीचा पदर उजव्या खांद्यावर आहे आणि ‘शुभविवाह’मधले ‘भ’ अक्षर मोडले आहे.” साठी उलटलेल्या आमच्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते तिला दिसले. कारण तिने सहस्र वेळा पदर रेखाटला होता, अक्षर गिरविले होते.

येथेच डिझाइनरची नवी भूमिका आहे. पूर्वी तो एक नमुना दिवसभर काढी. आता वीस नमुन्यांतून एकोणीस नाकारणे, उरलेला सुधारणे आणि त्याची जबाबदारी घेणे हे त्याचे काम. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही २०२३ साली एका चित्रकथेबाबत हाच भेद केला : लेखिकेचे शब्द व तिने केलेली मांडणी यांवर तिचा हक्क मानला, यंत्राने काढलेल्या चित्रांवर मानला नाही.

परंतु पारख आकाशातून पडत नाही. ती हातातून डोळ्यांत येते. म्हणून पालकांनो, फी अवश्य भरा; मात्र मुलीच्या हातची पेन्सिल सुटू देऊ नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलांना बसवा. घरी जुने ठसे असतील तर ते सरपणात न घालता त्यांचे छाप कागदावर उतरवून ठेवा. कोणती वेल कोणत्या काठाला शोभे, हे घरातील वृद्धांना विचारून शेजारी लिहा. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.