किरणोत्सर्ग : भीती आणि भान



मी विज्ञानाचा अभ्यासक नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना खोकला जडला. डॉक्टरांनी छातीचे क्षकिरण-चित्र काढावयास सांगितले. "ते किरण अंगात भिनतात," असे म्हणून त्यांनी तीन महिने चालढकल केली. अखेर निदान झाले ते क्षयाचे; आणि तोवर घरातील नातवालाही लागण झालेली होती. किरणांनी केले नसते एवढे नुकसान किरणांच्या भीतीने केले.

वस्तुतः ते किरण अंगात उरतच नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच यंत्र बंद होताच क्षकिरणही संपतात. अशा एका चित्राची मात्रा फार तर ०.१ मिलिसिव्हर्ट असते. याउलट कोणत्याही यंत्राजवळ न जाता, केवळ या पृथ्वीवर राहिल्यामुळे माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतच असतो. आकाशातून विश्वकिरण येतात, जमिनीतून व भिंतींतून रेडॉन वायू झिरपतो, आणि आपल्या अन्नातील पोटॅशियमचा अल्पसा अंशही किरणोत्सारी असतो. सत्यनारायणाच्या प्रसादातील केळेही याला अपवाद नाही!

केरळात कोल्लम जिल्ह्यातील करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइट वाळू आहे. तेथील काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. सुमारे ७० हजार रहिवाशांची दहा वर्षांहून अधिक काळ पाहणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत या किरणोत्सर्गामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

मग किरणोत्सर्ग निरुपद्रवी म्हणावा काय? मुळीच नाही. आपल्याच दिल्लीतील मायापुरीची घटना आठवावी. २०१० मध्ये तेथील भंगार-बाजारात एक जुने, वापरात नसलेले गॅमा-यंत्र आले. आत कोबाल्ट-६० आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. कामगारांनी शिशाचे कवच फोडले. एकाच्या तर पाकिटात त्यातला चकाकता तुकडा सापडला. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एका कामगाराचा अंत झाला. शेजारच्या वृद्धाला जी भीती अकारण वाटली, तिचा अंशमात्रही जिथे हवा होता तिथे नव्हता. भंगार विकणाऱ्यांनी ते यंत्र नियमानुसार सुपूर्द केले असते, तर त्या गरिबांवर हा प्रसंग ओढवलाच नसता.

तात्पर्य, प्रश्न मात्रेचा आहे. मीठ चिमूटभर घातले तर अन्नाला चव येते, मूठभर घातले तर तेच अन्न वाया जाते. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने सर्वसाधारण नागरिकासाठी नैसर्गिक वाट्याव्यतिरिक्त वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. वैद्यकीय तपासणीची मात्रा तीत धरत नाहीत, कारण तेथे रुग्णाचा लाभ-हानीविचार डॉक्टरांनी करावयाचा असतो. म्हणूनच आपणही विचारावे. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा छातीच्या साध्या चित्राच्या शंभरपट असू शकते. तेव्हा "एकदा सगळे शरीर तपासून घेऊ" अशी हौस करू नये. जुनी चित्रे जपून ठेवावीत. गर्भवती भगिनींनी तपासणीपूर्वी तसे अवश्य सांगावे. मात्र डॉक्टरांनी आवश्यक म्हणून सांगितलेली तपासणी टाळू नये.

किरणोत्सर्गापासून बचावाची सूत्रे तीनच : सहवासाचा काळ कमी, अंतर अधिक आणि मध्ये योग्य आडोसा. लहानशा स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे चिन्ह मात्र आपण स्वतः ओळखावे, आणि आपल्या घरी येणाऱ्या रद्दीवाल्यालाही ओळखावयास शिकवावे. तो अक्षरशत्रू असेल, तर ही जबाबदारी आपल्यासारख्या शिकलेल्यांचीच आहे.

भीती सोडावी, भान सोडू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.