मेंदूतला फुगा आणि गोळ्यांचा हिशेब

आज आपण डोक्याच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. खरं तर ते बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून बोलायचं.

चक्कर आली, गाडीवरून पडलं, म्हणून डोक्याचा स्कॅन काढायला आपण जिल्ह्याच्या गावी जातो. कधी कधी शोधायला जावं एक आणि रिपोर्टात निघतं भलतंच. डॉक्टर सांगतात, मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. त्याला ते ॲन्युरिझम म्हणतात. मोटारीचा पाइप एखाद्या ठिकाणी कमजोर होऊन बाहेर फुगतो ना, तसंच हे. ही कॅन्सरची गाठ नाही आणि कुणाची करणीही नाही.

100 मोठी माणसं घेतली तर त्यातल्या साधारण 3 जणांना असा फुगा असतो. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही, कारण बहुतेक फुगे फुटत नाहीत. पण जो फुटतो, तो जिवावर बेततो. म्हणून घाबरून गडबड करायची नाही आणि कागद ट्रंकेत टाकून विसरायचंही नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंना असाच फुगा निघाला. घरच्यांनी त्याच रात्री शेळ्या विकायची बोलणी केली. दुसऱ्या दिवशी गटाकडे कर्जाचा अर्ज आला. बैठकीत कुणी म्हणालं, लगेच पैसे द्या. कुणी म्हणालं, डोक्याला हातच लावू देऊ नका. आम्ही अर्ज ठेवून घेतला आणि आधी वहीत प्रश्न लिहिले. न फुटलेल्या फुग्यात एक गोष्ट आपल्या बाजूची असते, ती म्हणजे विचारायला वेळ. डॉक्टरांनी तातडीनं करा असं सांगितलं नसेल, तर दोन दिवस विचारपूस करण्यात नुकसान नाही.

आम्ही विचारलं ते असं. फुगा केवढा आहे आणि कुठल्या जागी आहे? तसाच ठेवला तर फुटायची शक्यता किती? उपचारात धोका किती? या दवाखान्यात असे उपचार किती झालेत? सगळं धरून खर्च किती, त्यात नंतरच्या गोळ्या आणि तपासण्या आहेत का?

डॉक्टरांनी नीट समजावलं. फुगा लहान असेल, धोक्याच्या जागी नसेल, तर ठरावीक काळानं स्कॅन करून त्यावर लक्ष ठेवतात. बीपी ताब्यात ठेवायचं आणि तंबाखू बंद करायची. विडी-सिगारेटनं फुगा फुटायचा धोका वाढतो. मिश्रीतही तंबाखूच असते, हे आपण सोयीनं विसरतो. घरात आई, बहीण, भाऊ अशा दोघांना हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

उपचार करायचाच ठरला तर रस्ते वेगवेगळे आहेत. एकात कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला चिमटा लावतात. दुसऱ्यात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमची तार भरतात. फुग्याचं तोंड रुंद असेल तर तार बाहेर येऊ नये म्हणून स्टेंट बसवतात. स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी. आणखी एक दाट जाळीचा स्टेंट असतो, त्यात बऱ्याचदा तार भरावी लागत नाही.

तो कसा काम करतो, हे आपल्याला पाटावरून कळेल. पाटाच्या कडेला भगदाड पडून डबकं झालंय. काठ नीट बांधून घेतला की पाणी सरळ पुढं जातं, डबक्यातलं पाणी थांबतं आणि हळूहळू ते गाळानं भरतं. दाट जाळीचा स्टेंट तसाच काठ बांधतो. रक्त सरळ पुढं जातं, फुग्यातलं रक्त थांबून गोठतं. पण हे एका दिवसात होत नाही. फुगा बंद व्हायला 6 महिने, वर्षसुद्धा लागतं. म्हणून पुन्हा तपासणीला जावंच लागतं. या उपचारात 100 पैकी काही जणांना लकवा किंवा रक्तस्रावाचा त्रास होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही.

आता पैशाचं. 2017 साली सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, ती हृदयाच्या स्टेंटसाठी. मेंदूचा स्टेंट वेगळा, त्याची किंमत वेगळी विचारायची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. यातलं काय योजनेत बसतं आणि काय खिशातून भरायचं, ते लिहून घ्या. शेळ्यांचं नंतर बघू.

ताईंना स्टेंट बसला. खरी परीक्षा पुढं होती. जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, बऱ्याचदा काही महिने रोज घ्याव्या लागतात. त्यानंतरही एक चालू राहते. तिसऱ्या महिन्यात ताई म्हणाल्या, आता बरं वाटतंय, हातावर काळेनिळे डागही पडतात, गोळ्यांचे पैसे वाचवावे म्हणते. गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. गटातल्या दोघींनी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. तेव्हापासून हप्त्याच्या वहीत गोळ्यांचं एक पान आहे. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नव्या आणायच्या. दात काढायचा असला तरी आधी विचारायचं. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घ्यायची नाही. स्टेंटचं कार्ड जपायचं आणि पुढं एमआरआय करायची वेळ आली तर दाखवायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाला हृदयाचा असो, मेंदूचा असो, स्टेंट बसला असेल तर येत्या बैठकीत तिच्या गोळ्यांचं पान उघडा. कर्ज देतो तसं हेही गटाचं काम समजा.

आणि एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखलं, उलटी झाली, मान आखडली, शुद्ध गेली, पापणी अचानक खाली पडली, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर तिथं विचारायला वेळ नसतो. उतारा नको, डोकेदुखीची गोळी नको, सकाळची वाट नको. 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या.