पाखरं हाकलता हाकलता
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पक्षिनिरीक्षण हा शब्द माझ्या आयुष्यात उशिराच आला. त्याआधी काही वर्षं मी पाखरं हाकलत होतो, आणि तेही पगार घेऊन!

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राला लागून. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीचं मुख आणि मधे दोन-अडीच किलोमीटरची पुळण. थंडीच्या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. मी तिथला कासवमित्र. पहाटे बॅटरी घेऊन पुळण चालायची, मादीचा माग दिसला की काठीने वाळू चाचपून घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढायची आणि कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. तळहातावर मावेल एवढं पिल्लू पाण्याकडे तुरुतुरु निघालं की वरून कावळे आणि घारी टपलेल्याच. त्यांना दूर ठेवणं हा माझ्या कामाचा भाग.

आता ज्याला हाकलायचं त्याला ओळखावं तर लागतंच. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार कुठून झेप घेते, कावळे दोघं-दोघं कसे येतात, समुद्र गरुड सुरूच्या कुठल्या शेंड्यावर बसतो, हे मला पाठ झालं होतं. पण पाण्याच्या कडेला धावणारी ती बारकी, मातकट रंगाची शेकडो पाखरं? त्यांचा पिल्लांना काही उपद्रव नव्हता, म्हणून माझ्या लेखी ती नव्हतीच. आमच्याकडे त्यांना वेगळं नावही कोणी देत नाही. पाखरं म्हणजे पाखरं.

कासवं पाहायला पर्यटक येतात, त्यांत एकदा एक निवृत्त शिक्षक आले होते. पिल्लं त्या दिवशी काही निघाली नाहीत. बाकीची मंडळी कंटाळून चहाला गेली. सर मात्र दुर्बीण लावून पाण्याच्या कडेकडे बघत बसले. मी म्हटलं, "सर, तिकडे काही नाही. ती पाखरं आहेत."

"किती जातींची?"

"सगळी सारखीच की."

"रंग बघू नका. चालतात कशी ते बघा," असं म्हणून त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

तसं बघितलं, आणि पाचच मिनिटांत त्या घोळक्याचे तीन घोळके झाले. एक पाखरू चार पावलं पळायचं, खिळल्यासारखं थांबायचं, टिपायचं, पुन्हा पळायचं. हा चिखल्या. चोच आखूड, डोळे मोठे. हा डोळ्यांनी शिकार शोधतो, म्हणून थांबतो. दुसरं पाखरू मान खाली घालून, शिवणयंत्राच्या सुईसारखं वाळूत चोच खुपसत पुढे सरकायचं. हा तुतवार. त्याला भक्ष्य दिसावं लागत नाही, चोचीच्या टोकालाच ते जाणवतं. आणि तिसरं, पांढुरकं, लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचं आणि लाट आली की तिच्यापुढे पळत यायचं. त्याचं नाव सँडरलिंग. त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात अंडी घालणारं हे पाखरू हिवाळ्यात आमच्या गावात येऊन लाटांशी शिवाशिवी खेळतं!

खेळतं म्हटलं खरं, पण तो खेळ नव्हे. लाट सरली की ओल्या वाळूत बारीक जीव क्षणभर उघडे पडतात, तेवढ्यात ते टिपायचे असतात. लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू बिळातून खेकडा ओढून काढतो आणि झटके देऊन आधी त्याचे पाय तोडतो. आमच्या घरी कालवणासाठी चिंबोऱ्या साफ करतात, त्याचीच आठवण झाली. एकाच पुळणीवर कोणी वरची वाळू टिपतो, कोणी बोटभर खोल जातो, कोणी वीतभर. ज्या जागेला मी इतकी वर्षं रिकामी म्हणत होतो, तिथे ओहोटीला माझ्यापेक्षा जास्त मंडळी कामावर होती.

त्यानंतर मी वही ठेवू लागलो. त्यासाठी निराळा वेळ काढावा लागला नाही, हे महत्त्वाचं. पहाटे चालायचंच होतं, हॅचरीजवळ तासन् तास बसायचंच होतं. पक्षी बघायला फार पैसा लागतो, अभयारण्यात जावं लागतं, असा एक समज आहे. सालिम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परत आले तेव्हा त्यांची मुंबईतली नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले, आणि तिथे दाराजवळच्या सुगरणींची घरटी बघता बघता त्यांनी त्या पक्ष्याच्या संसाराची नवीच उकल केली. एक घरटं जमलं, मादी त्यात नांदू लागली की नर पुढचं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नोकरी गेल्यावर केलेलं हे काम पुढे जगभर वाखाणलं गेलं.

आमच्या कासवांची गोष्टही पक्ष्यांपासूनच सुरू होते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसं २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर समुद्र गरुडाच्या पाहणीसाठी हिंडत होती. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून कोकणातलं कासव संरक्षण उभं राहिलं. ते पाखरांकडून कासवांकडे गेले, मी कासवांकडून पाखरांकडे आलो.

वहीमुळे मला वर्ष निराळं दिसू लागलं. चिखल्या पाऊस संपायच्या आतच, ऑगस्ट-सप्टेंबरात येऊ लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवांचं डोकं थंडीभर पांढरंच असतं, कानाशी एक काळा ठिपका तेवढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते तपकिरी व्हायला लागलं की समजावं, निघायची तयारी झाली. मातकट चिखल्याच्या छातीवरही विटकरी रंग चढतो. हा चिखल्या वजनाला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढा. त्याचे भाऊबंद लडाख-तिबेटच्या पठारावर अंडी घालतात. म्हणजे हिमालय ओलांडून जायचं! किनाऱ्यावरच्या पाखरांत गॉडविट म्हणून एक आहे. त्याच्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाने २०२२ साली अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर एका दमात, ११ दिवसांत काटले. वाटेत खाणं नाही, बसणं नाही. एवढा पल्ला गाठायचा तर निघण्याआधी अंगावर चरबी साठवावी लागते. काही जाती वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्याची कमाई अशा पुळणींवरच होते.

भरतीच्या वेळी मात्र खाणं बंद. तेव्हा ही पाखरं खाडीच्या मुखाशी उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतात. बघणाऱ्याला वाटतं, आरामात आहेत, जरा उडवून फोटो काढावा. पण एकदा उडालं की साठवलेलं खर्च झालं. दिवसातून आठ-दहा वेळा उडवलं तर शिल्लक काय राहणार?

आणि नेमक्या त्याच पट्ट्यावर माझा पुतण्या बीच बाइक चालवायचा. पर्यटकांना तिथूनच सूर्यास्त चांगला दिसतो. मी बोललो तर म्हणाला, "काका, कासवं बघायला माणसं येतात, घरात चार पैसे येतात. तुमची पाखरं काय देतात?" त्याच्या गाडीचे हप्ते चालू होते. मला त्याचा राग आला नाही. कासवाच्या अंड्याभोवती कुंपण घालता येतं, कायद्याचा बोर्ड लावता येतो. ही पाखरं इथे अंडी घालत नाहीत, नुसती जेवायला आणि टेकायला येतात. टेकण्याच्या जागेला कुंपण कसं घालणार?

मी त्याला उपदेश केला नाही. माझ्याकडे आता एक जुनी दुर्बीण आहे, ती त्याला दिली आणि भरतीच्या वेळेला बरोबर नेलं. तासाभरात दोन गाड्या आणि एक कुत्रा. थवा पाच वेळा उठला. शेवटच्या खेपेला निम्मी पाखरं परत बसलीच नाहीत, खाडीपलीकडे गेली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भरतीचं वेळापत्रक मला लिहून द्या."

आता भरतीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास त्याची गाडी सुरूच्या बनापाशी थांबते. ओहोटीला पुळण रुंद होते, पाखरांना सरकायला जागा असते, तेव्हा तो चालवतो. धंदा थोडा कमी झाला, हे खरं आहे. पट्ट्याच्या अलीकडे आम्ही दोघांनी बांबू रोवून दोरी बांधली आहे. सोमवार ते शुक्रवार ती टिकते. शनिवारी बाहेरगावच्या मोठ्या गाड्या वाळूत उतरतात, दोरी तुटते, ती रविवारी रात्री पुन्हा बांधायची. ग्रामसभेत विषय मांडला आहे. एकदा पुढे ढकलला गेला, आता पुन्हा मांडणार आहोत.