हुतूतूचा कागद



आज खेळाविषयी दोन शब्द सांगतो. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी गुरुजींना हे काय सुचलं? ऐका तर खरं.

चीन देशात दोन हजार वर्षांपूर्वी एक खेळ होता. त्याचे नाव त्सूजू. चामडे शिवून चेंडू करायचे. आत पिसे नाही तर केस भरायचे. मग तो पायाने मारायचा. शिपाई खेळत, राजेही खेळत. पुढे हवा भरलेला चेंडू आला. पण शेवटी तो खेळ बुडाला. आज त्याची माहिती मिळते, ती जुन्या लिखाणातून आणि चित्रांतून.

आता आपला हुतूतू पहा. याला चेंडू नको, पैसा नको. माती अन् दम पुरे. पण गावागणिक नियम निराळे. कुठे मेलेला गडी पुन्हा जिवंत होई. त्याला संजीवनी म्हणत. कुठे सगळे मरेपर्यंत तो बाहेरच बसे.

आम्ही मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांचा सामना लागला. एका गावात संजीवनी होती, दुसऱ्यात नव्हती. मेलेला गडी आत आला आणि ओरडा झाला. काठ्या निघाल्या. एका पोराचे डोके फुटले. वर्षभर दोन्ही गावे बोलली नाहीत.

खोटे कोणीच नव्हते. ज्याचा त्याचा नियम त्याच्या गावी खराच. पण लिहिलेला कुठेच नव्हता. आम्हाला लिहिता येत होते, तरी आधी लिहून घेतले नाही. ही चूक आमची.

पुढच्या पोळ्याला आम्ही कागदावर नियम लिहिले. मोठ्याने वाचून दाखवले. दोन्हीकडच्या म्होरक्यांनी अंगठे उठवले. सामना झाला, भांडण झाले नाही.

देशातही असेच झाले. जाणत्या लोकांनी हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम लिहून छापले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी १९३६ साली बर्लिनला हा खेळ करून दाखवला. १९९० साली चीनच्याच राजधानीत, बीजिंगला, आशियाई सामन्यांत कबड्डी आली. भारताने सोने जिंकले. २०१० साली चीनमध्येच आपल्या पोरींनीही सोने जिंकले.

मंडळी, खेळाचे तसेच वावराच्या बांधाचे, उसनवारीचे. तोंडी बोल वाऱ्यावर जातो, लिहिलेले राहते. आमच्या त्या कागदावर अंगठे होते. तुमच्या कागदावर सह्या असू द्या. पण सही करण्याआधी कागद स्वतः वाचा.