राधानगरीची एक रात्र



ही गेल्यावर मी सायकलवर एकटाच राधानगरीला निघालो, तेव्हा तुम्ही सगळे रागावला होता. वय एकाहत्तर! हळदीमार्गे पन्नासएक किलोमीटर. चढ आला की सायकल ढकलायची.

हे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. महाराज १९२२ ला गेले, काम पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. ते पाणी बघायचं हिचं राहूनच गेलं. कधी ऑडिट, कधी क्लोजिंग.

एका शेतकरी मामांच्या परड्यात, त्यांना विचारून, तंबू ठोकला. मध्यरात्री बाहेर जोराचा फुत्कार! अभयारण्य जवळच, गवाच म्हणून श्वास रोखून पडलो. उजाडल्यावर बघतोय तर मामांची म्हैस. हसू आलं, पण सांगायचं कुणाला?

परतलो तर गेटवर निम्मी सोसायटी उभी. म्हशीची गोष्ट पहिल्यांदा तुम्हांलाच सांगितली.