औषध, आहार आणि उपवास



भाद्रपदात दशलक्षण पर्व आले की ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील जैन कुटुंबांत एकाशन, उपवास व सूर्यास्तापूर्वी भोजन हे नियम श्रद्धेने पाळले जातात. त्याच घरांत आज मधुमेह, रक्तदाब व सांधेदुखीच्या गोळ्याही असतात. औषधाचे गुण आणि दोष आहार, पाणी व वेळ यांवर पुष्कळ अवलंबून असल्याने या दोहोंचा मेळ घालणे अगत्याचे ठरते.

मधुमेहावरील ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडते. पोटात अन्न आहे की नाही, हे तिला कळत नाही. त्यामुळे उपवासात रक्तशर्करा उतरून घाम, थरथर, भ्रम व प्रसंगी बेशुद्धी संभवते. इन्सुलिन घेणाऱ्यांसही हाच धोका असतो. शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तत्काळ साखर घेणे आवश्यक असते.

अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेन याच मार्गाने वेदना शमवितात. परंतु हेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकविण्यास साहाय्य करते. म्हणून या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो आणि निर्जल उपवासात त्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात.

रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवी वाढविणारी गोळी शरीरातील पाणी व क्षार कमी करते. निर्जल राहिल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते. याउलट एटेनोलॉलसारखी गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद केल्यास धडधड वा छातीत दुखणे उद्भवू शकते.

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, सर्दीच्या विषाणूंवर नाही. त्यांपैकी डॉक्सिसायक्लिन सूर्यास्ताच्या घाईत घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते.

यास्तव नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपला संकल्प सांगावा आणि महाराजांना आपला आजार सांगावा. अनेक गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलून देता येतात; मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असावा. सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. आपली शक्ती ओळखून केलेले तप उणे ठरत नाही.