बंदराच्या दारांतील तपासणी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन नांवाचें बंदर आहे. तेथें भरती-ओहोटींतील फरक कधीं कधीं सात मीटरांहूनहि अधिक असतो. म्हणून विहारनौकांच्या गोद्यांना जलद्वारें बसविलेलीं आहेत. ओहोटीच्या वेळीं आंतील पाणी अडवून धरावयाचें, एवढेंच त्यांचें काम. इ.स. १९९९ च्या मार्च महिन्यांत मात्र त्यांच्यावर निराळीच कामगिरी येऊन पडली.

त्या महिन्यांत कलन बे येथील गोदींत पाणबुड्यांना एक परका शिंपला आढळला. कोंकणांतील शिणाण्यांसारखाच तो दिसतो, पण आकारानें बोटाच्या पेराएवढा. मूळचा तो मध्य अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा. विशाखापट्टणम् व मुंबई या बंदरांत त्यानें पूर्वींच ठाण मांडलेलें आहे; तेव्हां या कथेंतील खलपुरुष मुंबईकरांस अगदींच परका नव्हे! सहा महिन्यांपूर्वींच्या पाहणींत त्याचा मागमूसहि नव्हता. आतां कांहीं ठिकाणीं एका चौरस मीटरांत वीस हजारांहून अधिक शिंपले चिकटलेले होते.

त्या प्रदेशांत मोत्यांच्या कालवांची जोपासना चालते. हा जीव खुल्या समुद्रांत शिरला असता, तर त्या धंद्यावर संकट ओढवलें असतें. अधिकाऱ्यांनीं जलद्वारें बंद केलीं आणि तीन गोद्यांतील पाण्यांत क्लोरीन व मोरचूद ओतविला. शिंपले मेले, त्यांच्याबरोबर निरपराध मासे आणि खेकडेहि मेले. आधींच निघून गेलेल्या नौकांचा माग काढून त्या तपासण्यांत आल्या. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक खर्च झाला, पण कीड समूळ गेली. समुद्रांत रुजलेला परका जीव असा निपटून काढल्याचीं उदाहरणें जगांत फार थोडीं आहेत. या यशाचें श्रेय मोरचुदाइतकेंच त्या दारांनाहि द्यावें लागेल. उघड्या किनाऱ्यावर असला उपाय करणें केवळ अशक्य.

त्या प्रसंगानंतर परदेशांतून आलेल्या विहारनौकेची गोदींत शिरण्यापूर्वींच तपासणी होऊं लागली. नौकेच्या तळाला विषारी रंग दिलेला असतो, त्यामुळें तेथें शिंपला सहसा टिकत नाहीं. परंतु यंत्र थंड ठेवण्यासाठीं समुद्राचें पाणी आंत ओढणाऱ्या नळ्या असतात. त्यांत रंग नाहीं, ऊन नाहीं, आणि नव्या पाण्याबरोबर अन्न मात्र घरपोंच! शिंपल्यास याहून सोयीचें बिऱ्हाड कोठें मिळणार? तळ आरशासारखा स्वच्छ असलेल्या नौकेंतहि अशी वसाहत दडलेली असूं शकते. शिवाय त्याचीं पिलें इतकीं सूक्ष्म असतात कीं, नुसत्या डोळ्यांना तीं दिसतच नाहींत. म्हणून पाणबुड्यानें तळ पाहिला तरी काम संपत नाहीं. नळ्यांत शिंपले मारणारा द्रव भरून तो कांहीं तास तसाच ठेवावा लागतो.

लांबच्या सफरीनें थकलेल्या नाविकास हा खोळंबा जाचक वाटला तर नवल नाहीं. गोदी समोर दिसते, आणि द्रव नळ्यांत मुरेपर्यंत त्यास बाहेरच नांगर टाकून बसावें लागतें.